घाटांचा राजा फाउस्तो कोप्पी

भाद्रपदात गणपती येतात आणि त्याच दिवसांत आमच्या प्रयोगशाळेसमोर तापाच्या रुग्णांची रांग लागते. डीएमएलटीचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाचा जंतू शोधायचा, हे माझे रोजचे काम. रविवारी सकाळी मात्र सायकल काढतो आणि शहराबाहेर शेतांच्या रस्त्याला लागतो. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा माझे काम आणि माझा छंद या दोन्हींशी ज्याचे आयुष्य जोडलेले आहे, अशा एका माणसाची ओळख करून द्यावी असे वाटले. तो म्हणजे इटलीचा सायकलपटू फाउस्तो कोप्पी.

इटलीच्या वायव्येला पिएमोंते हा प्रांत आहे. तिथे तोर्तोना आणि नोव्ही लिगुरे या जुन्या गावांजवळच्या टेकड्यांवर कास्तेल्लानिया नावाचे अगदी छोटे खेडे आहे. आजूबाजूला गव्हाची शेते आणि द्राक्षांचे मळे. याच खेड्यात १५ सप्टेंबर १९१९ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी फाउस्तोचा जन्म झाला. पाच भावंडांत तो चौथा. अंगाने किडकिडीत, पाय लांबच लांब. शाळेत त्याचे मन कधी रमले नाही. तेराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि नोव्ही लिगुरेच्या एका मांसविक्रेत्याकडे नोकरी धरली. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून माल पोचवायचा, हे त्याचे काम. मालाचे ओझे घेऊन त्या चढउतारांवर सायकल मारता मारता हा मुलगा तयार झाला. जहाजावर अधिकारी असलेल्या काकांनी आणि वडिलांनी पैसे घातले, तेव्हा त्याला शर्यतीची सायकल मिळाली.

नोव्हीत बियाजिओ काव्हान्ना नावाचे एक मालिश करणारे गृहस्थ होते. पूर्वी ते मुष्टियोद्धे होते, पुढे त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांनी दिसत नसले तरी बोटांनी स्नायू चाचपून ते खेळाडूची ताकद ओळखत. त्यांनी या पोराला पारखले. काय खावे, किती झोपावे, सराव कसा करावा, याची शिस्त त्यांनीच लावली. कोप्पीला ते गुरूच्या ठिकाणी होते.

१९४० साली जिरो द'इतालिया या इटलीभर फिरणाऱ्या मोठ्या शर्यतीत कोप्पी उतरला, तो जिनो बार्ताली या नावाजलेल्या स्वाराचा मदतनीस म्हणून. सुरुवातीलाच एक कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला आणि मागे राहिला. कोप्पीने फ्लॉरेन्सहून मोदेनाकडे जाताना आपेन्निन डोंगरात सर्वांना मागे टाकले आणि शेवटी जिरोच जिंकला. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. इतक्या लहान वयात जिरो जिंकणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही. ९ जूनला शर्यत संपली आणि दुसऱ्याच दिवशी इटलीने महायुद्धात उडी घेतली.

ऐन उमेदीची वर्षे युद्धाने खाल्ली. नोव्हेंबर १९४२ मध्ये, मिलान शहरावर बाँब पडत असतानाच्या काळात, त्याने तिथल्या ट्रॅकवर एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून जागतिक विक्रम केला. तो १४ वर्षे टिकला. मग त्याला आफ्रिकेच्या आघाडीवर धाडले गेले आणि १९४३ मध्ये ट्युनिशियात तो इंग्रजांचा युद्धकैदी झाला. युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त देशातून वाट काढत तो घरी आला.

१९ मार्च १९४६ रोजी मिलान ते सान रेमो ही शर्यत झाली. हा रस्ता सुमारे २९० किलोमीटरचा. मिलानमधून निघाले की पो नदीच्या सपाट खोऱ्यातली शेते लागतात, मग पाव्हियासारखे विद्यापीठाचे जुने शहर, पुढे व्होगेरा, तोर्तोना, नोव्ही लिगुरे. त्यानंतर तुर्किनोचा घाट चढून बोगदा पार केला की खाली समुद्र दिसतो. म्हणजे अर्धा रस्ता कोप्पीच्या पायाखालचाच. त्याने फार लवकर आघाडी घेतली आणि सान रेमोला पोचला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा स्वार त्याच्यामागे तब्बल १४ मिनिटे होता. पूल तुटलेले, घरे पडलेली, अशा इटलीला त्या दिवशी आनंद करायला एक निमित्त मिळाले.

त्याची सर्वांत गाजलेली सवारी १० जून १९४९ ची. कुनेओ ते पिनेरोलो, २५४ किलोमीटर, वाटेत आल्प्सचे पाच घाट. कोप्पी पहिल्याच घाटात पुढे निघाला आणि उरलेले १९२ किलोमीटर एकटा चालवत राहिला. बार्ताली दुसरा आला, जवळपास १२ मिनिटांनी. त्याच वर्षी कोप्पीने जिरो आणि टूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती जिंकल्या. एकाच वर्षात दोन्ही जिंकणारा तो पहिला. १९५२ मध्ये त्याने तोच पराक्रम पुन्हा केला. एकूण पाच जिरो, दोन टूर आणि १९५३ ची विश्वविजेतेपदाची शर्यत त्याच्या नावावर आहे.

त्या काळी इटलीत दोनच पक्ष होते असे गमतीने म्हणता येईल, एक कोप्पीचा आणि दुसरा बार्तालीचा. बार्ताली देवभक्त आणि जुन्या वळणाचा, तर कोप्पी नव्या विचारांचा आणि अबोल. घराघरांत यावरून वाद होत. १९५२ च्या टूरमधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. चढावर एकजण दुसऱ्याला पाण्याची बाटली देतो आहे. कोणी कोणाला दिली, हा वाद आजही चालतो. मला मात्र त्या दोघांमधली वेगळीच गोष्ट लक्षात राहते. बार्तालीचा धाकटा भाऊ ज्युलिओ १९३६ मध्ये शर्यतीत पडून गेला होता. कोप्पीचा धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू. जून १९५१ मध्ये तुरीनमध्ये ट्रामच्या रुळात चाक अडकून तो पडला, उठला, शर्यत पूर्ण केली आणि काही तासांनी डोक्याच्या मारामुळे गेला. पाठीवरचा भाऊ जाणे काय असते, हे या दोन प्रतिस्पर्ध्यांना सारखेच माहीत होते.

कोप्पीचे घरचे आयुष्य सरळ राहिले नाही. पत्नी आणि मुलगी असताना तो ज्युलिया ओक्किनी या विवाहित स्त्रीसोबत राहू लागला. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तिला अटक झाली, दोघांवर खटला चालला, शिक्षाही सुनावली गेली. त्यांच्या मुलाचा जन्म दूर अर्जेंटिनात झाला. कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली. चूक कोणाची, हा निवाडा आपण करायचे कारण नाही, पण ज्या घरांवर हे वादळ गेले, त्यांना ते फार जड गेले असणार.

डिसेंबर १९५९ मध्ये काही फ्रेंच सायकलपटूंबरोबर कोप्पी पश्चिम आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो या देशात गेला. तिथे एक प्रदर्शनीय शर्यत झाली, शिकार झाली. कोप्पी आणि त्याचा फ्रेंच मित्र राफाएल जेमिनियानी एकाच खोलीत झोपले. खोलीत डास होते.

परतल्यावर दोघांनाही ताप भरला. फ्रान्समध्ये जेमिनियानी बेशुद्ध झाला. त्याचे रक्त तपासले गेले, फाल्सिपेरम जातीचा मलेरिया सापडला, क्विनीन दिले आणि तो वाचला. इकडे कोप्पीवर फ्लू आणि न्यूमोनिया समजून उपचार चालू होते. फ्रान्सहून मलेरियाचा निरोप आला होता, पण तो मनावर घेतला गेला नाही, असे जेमिनियानी पुढे आयुष्यभर सांगत राहिला. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोनाच्या रुग्णालयात कोप्पी गेला. वय ४० वर्षे. थंडीचे दिवस होते आणि युद्धानंतर इटलीने डीडीटी फवारून मलेरिया जवळजवळ संपवला होता. त्यामुळे डॉक्टरांच्या डोक्यात तो आला नसावा, हे मी समजू शकतो. तरीही, रुग्ण नुकताच कुठून आला आहे, या प्रश्नाला महत्त्व दिले गेले असते तर पुढची तपासणी एका थेंबाची होती.

कास्तेल्लानियाच्या टेकडीवर हजारो माणसे त्याला निरोप द्यायला चढून गेली. आज तिथे फाउस्तो आणि सेर्से शेजारी शेजारी विसावले आहेत. त्याच्या जन्मशताब्दीला, २०१९ मध्ये, गावाचे नाव कास्तेल्लानिया कोप्पी झाले. जिरोच्या मार्गावरच्या सर्वांत उंच घाटमाथ्याला दरवर्षी त्याचेच नाव देतात. जेमिनियानी २०२४ मध्ये गेला, ९९ वर्षांचा होऊन. एक खोली, एक ताप, आणि दोन आयुष्यांत ५९ वर्षांचा फरक.

हे लिहिताना राहून राहून एक गोष्ट मनात येते. डासाच्या शरीरात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांनी प्रथम पाहिला तो आपल्या सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी. बेगमपेठेतली ती इमारत आपल्यातल्या अनेकांनी येताजाता पाहिली असेल. कोप्पी गेला तेव्हा या शोधाला ६२ वर्षे झाली होती. ज्ञान होते, औषध होते, फक्त तपासायचे राहून गेले.

म्हणून मंडळींना एक विनंती. उत्सवाच्या धावपळीत मांडवामागच्या पिंपांत आणि कुंड्यांत पाणी साचू देऊ नका. घरात कोणाला थंडी वाजून ताप आला, तर दोन गोळ्यांवर भागवू नका. कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि रक्त तपासून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. आमच्यासारखी माणसे त्यासाठीच तिथे बसलेली असतात.

गणपती बाप्पा मोरया!