जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे शिष्य

जॉन ग्रिफिथ्स ह्यांचा जन्म सन १८३७ मध्ये वेल्स प्रांती झाला. १८६५ साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक झाले. १८७२ पासून शिष्यांस अजिंठ्यास नेऊन त्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. परंतु लंडनास धाडलेल्या त्या श्रमफलांपैकी पुष्कळ १८८५ च्या आगीत भस्म झाली. तथापि त्यांच्या देखरेखीखाली शिष्यांनी बोरीबंदर स्थानकासाठी घडविलेली पाने, पशुपक्षी आजही शाबूत आहेत. ग्रिफिथ्स १९१८ साली निवर्तले. दहिसरच्या बालमित्रांनो, त्या स्थानकी जाल तेव्हा क्षणभर मान वर करा. विद्यार्थ्यांचे ते काम बंद दालनात नसून हमरस्त्यावर, हमालापासून धनिकापर्यंत सर्वांचे आहे. हाच आम्ही त्या गुरूचा खरा गौरव मानतो.