पेनकिलरचं बटण पेशंटच्याच हातात का? मॉर्फीन शोधणाऱ्या सेर्ट्युर्नरची गोष्ट

मागच्या वर्षी बाबांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो होतो. पहिल्या रात्री मी त्यांच्याजवळ होतो. शिरेत सलाईन, शेजारी स्टँडवर एक छोटा पंप, आणि पंपातून निघालेल्या वायरच्या टोकाला एक बटण. दुखलं की बाबांनी बटण दाबायचं, मग पंप मॉर्फीनचा ठरलेला छोटा डोस शिरेत सोडतो, असं संध्याकाळी समजावून सांगितलं होतं. रात्री अडीचला बाबा झोपेत कण्हायला लागले. बटण चादरीवर पडलं होतं. मी ते उचललं आणि दाबलं. बीप वाजला. दहा मिनिटांनी ते परत कण्हले, मी परत दाबलं. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेवढ्यात सिस्टर आत आल्या. त्यांनी आधी बटण माझ्या हातातून घेतलं, बाबांना हाक मारून जागं केलं, घड्याळ लावून एक मिनिट त्यांचे श्वास मोजले, आणि मग मला बाहेर नेऊन समजावलं.

बाबांना काही झालं नाही. पण मी इंजिनियर माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिममधल्या चुका शोधतो, आणि इथे एका साध्या बटणाचं डिझाईन मलाच कळलं नव्हतं. रत्नागिरीला परत आल्यावर मॉर्फीनबद्दल वाचायला घेतलं आणि एका जर्मन औषधवाल्यावर येऊन अडकलो. माझी चूक त्याने दोनशे वर्षांपूर्वी, स्वतःच्या शरीरावर करून ठेवली होती.

त्याचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म सेर्ट्युर्नर. जन्म १९ जून १७८३, जर्मनीतल्या पाडरबोर्न शहराजवळच्या नॉयहाउस गावात. वडील तिथल्या राजदरबारी जमीनमोजणी आणि इंजिनियरिंगचं काम करायचे. पण किशोरवयातच वडिलांचं छत्र गेलं, कॉलेज वगैरे राहिलं बाजूला, आणि पोरगा पाडरबोर्नच्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला. तेव्हाचं औषधाचं दुकान म्हणजे आजच्या मेडिकलसारखं नाही. पाला, मुळ्या, क्षार कुटायचे, उकळायचे, गाळायचे, आणि डॉक्टर लिहून देईल ते तिथेच तयार करायचं.

दुखण्यावर त्या काळी खरं चालणारं औषध एकच, अफू. अफूच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्या की चीक येतो, तो वाळवला की अफू. (आपल्या अनारशांवरची खसखस म्हणजे ह्याच झाडाचं बी. घाबरू नका.) अडचण अशी की चिकात असर करणारा भाग किती, ते जमिनीवर, हवेवर, चीक कधी काढला त्यावर ठरायचं. वर व्यापारी भेसळ करायचे ते वेगळंच. त्यामुळे डॉक्टरने तेवढीच अफू लिहून दिली, तरी एका पेशंटला फरकच पडायचा नाही आणि दुसरा उठायचाच नाही. वजन एकच, ताकद वेगळी. समजा तुमच्या फोनची बॅटरी रोज शंभर टक्के दाखवते, पण कधी दोन तास चालते आणि कधी दोन दिवस. त्या आकड्याचा उपयोग काय?

सेर्ट्युर्नरला नेमकं हेच खटकलं. विशीच्या आसपासचा हा पोरगा, डिग्री नाही, प्रयोगशाळा नाही, दुकानातलं काम उरकल्यावर अफूशी खटपट करायचा. त्याने अफू गरम पाण्यात विरघळवली आणि त्यात अमोनिया घातला. तळाशी स्फटिक जमले. ते धुऊन, गाळून, शुद्ध करून त्याने जनावरांना खायला घालून पाहिले आणि झोप आणणारा भाग हाच, हे ओळखलं. तेव्हाचे केमिस्ट मानायचे की वनस्पतींमधली कामाची द्रव्यं आम्लधर्मी असतात. ह्याचं द्रव्य निघालं आम्लाच्या उलट, अल्कली. वनस्पतीतून असं द्रव्य वेगळं काढण्याची ही पहिली वेळ. पुढे कुनैन, कॅफीन, निकोटीन अशी रांगच लागली.

१८०५-०६ मध्ये त्याने हे छापलं. कुणी लक्ष दिलं नाही. दुकानातल्या पोराचं कोण ऐकतो?

इथे थोडं मुंबईकडे वळतो. १७८३ ह्याच वर्षी आपल्याकडे जमशेदजी जीजीभॉय जन्मले. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची, त्या व्यापारात ते मोठे झाले. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे.जे. हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. म्हणजे एकाच वयाची दोन माणसं, एकाच चिकाच्या मागे, एक टनांत मोजत होता आणि दुसरा ग्रेनमध्ये. माळव्यात नीमच-मंदसौर भागात आजही सरकारी परवान्यावर अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधी द्रव्यं काढतात.

परत सेर्ट्युर्नरकडे. १८०६ मध्ये तो आइनबेक गावी गेला आणि तिथे तीन वर्षांनी स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा तो भाग नेपोलियनच्या हाताखाली होता आणि परवानाही त्याच राजवटीतला. नेपोलियन पडला, राजवट बदलली आणि दुकानावरून वाद सुरू झाला. ह्या सगळ्या ओढाताणीत त्याने जुना विषय परत बाहेर काढला आणि १८१७ मध्ये नवा निबंध छापला. झोपेच्या-स्वप्नांच्या ग्रीक देवाच्या, मॉर्फियसच्या नावावरून द्रव्याला नाव दिलं, मॉर्फियम. आणि ह्याच निबंधात तो प्रयोग आहे, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

ह्या वेळी त्याने जनावरं सोडून माणसं घेतली. तो स्वतः आणि तीन तरुण मुलं, कुणीच सतरा वर्षांहून मोठं नव्हतं. आज कुठलीही एथिक्स कमिटी त्याला दारातूनच परत पाठवेल. प्रत्येकाने अर्धा ग्रेन, म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम मॉर्फीन घेतलं, दारूत विरघळवून आणि पाणी घालून. चेहरे लाल झाले, अंग गरम झालं. अर्ध्या तासाने आणखी अर्धा ग्रेन. मळमळ, डोकं जड. पाव तासाने तिसरा अर्धा ग्रेन. आता पोटात दुखायला लागलं, गळून गेल्यासारखं झालं, शुद्ध हरपायची वेळ आली. सेर्ट्युर्नरला विषबाधेची खात्री पटली, त्याने स्वतः कडक व्हिनेगर प्यायलं, मुलांनाही पाजलं, सगळ्यांना उलट्या झाल्या आणि चौघेही वाचले. त्रास मात्र पुढे काही दिवस राहिला.

आता वेळा बघा. शून्य मिनिट, तीस मिनिटं, पंचेचाळीस मिनिटं. तोंडावाटे घेतलेल्या मॉर्फीनचा पूर्ण असर यायला साधारण तासभर लागतो. पहिल्या डोसचं काय होतंय हे नीट दिसायच्या आत त्याने दुसरा आणि तिसरा घेऊन टाकला. तुम्ही यूपीआयने पैसे पाठवले, पेंडिंग दाखवलं, म्हणून परत पाठवले, तरी पेंडिंग, म्हणून परत. मग तिन्ही एकदम गेले. अगदी तसंच. फरक इतकाच की बँक पैसे परत करते.

शिरेतून दिल्यावर तर गणित आणखी कडक होतं. गोळी घेतली तर ती पोटातून, मग लिव्हरमधून जाते आणि मॉर्फीनचा साधारण तिसरा हिस्साच पुढे रक्तात पोचतो. ऑपरेशननंतर पेशंटला काही दिवस तोंडाने काही देता येत नाही, म्हणून शीर वापरतात, आणि शिरेतून सगळंच्या सगळं रक्तात जातं. म्हणून पंपाचा डोस बहुतेक वेळा १ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पण रक्तात पोचलं म्हणजे लगेच मेंदूत पोचलं असं नाही. पूर्ण असर यायला पंधरा-वीस मिनिटं जातातच. ह्या मधल्या वेळेसाठी पंपात लॉकआउट असतो. एकदा डोस गेला की पुढची पाचेक ते दहा मिनिटं तुम्ही कितीही वेळा बटण दाबा, औषध येत नाही. ओटीपी परत मागवताना तीस सेकंद थांबायला लावतात ना, तसंच. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतले भूलतज्ज्ञ फिलिप सेचझर ह्यांनी पेशंटनेच बटण दाबून डोस मागायच्या ह्या पद्धतीवर काम सुरू केलं. सेर्ट्युर्नरच्या त्या खोलीत घड्याळ होतं. हे कुलूप नव्हतं.

पण लॉकआउट हे संरक्षण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला सिस्टरांनी त्या रात्री सांगितलं. मॉर्फीन जास्त झालं की माणूस आधी गुंगतो, आणि श्वास मंदावतो तो बहुतेक त्यानंतर. गुंगलेला माणूस बटण दाबू शकत नाही. बटण दाबलं नाही की औषध नाही, औषध नाही की गुंगी उतरते. म्हणजे पेशंटची झोप हाच त्या सिस्टिमचा सेफ्टी स्विच. झोपलेल्या बाबांच्या वतीने बटण दाबून मी नेमका तोच स्विच बायपास केला होता, तेही प्रेमाने. आपल्याकडे पेशंटजवळ रात्री घरचं कुणीतरी असतंच, आणि कण्हणं ऐकून गप्प बसणं जमत नाही, हे मला माहीत आहे. तरीही बटण दाबायचं नाही. पेशंट कण्हतोय तर सिस्टरना बोलवा. बटण पेशंटच्या हाताला लागेल असं ठेवा, बस.

फोनचा खरा उपयोग तेव्हा एकच, स्टॉपवॉच. झोपलेल्या पेशंटची छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. दहाच्या आसपास किंवा खाली आली, पेशंट हाकेला धड ओ देत नसेल, किंवा कधी नव्हे असा घोरत अडखळत श्वास घेत असेल, तर सकाळची वाट न बघता लगेच बोलवा. मॉर्फीनचा असर उलटवणारं नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, वेळेत कळलं तर उपयोग. स्मार्टवॉचवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर हॉस्पिटलच्या मशीनवरचा आकडाही बराच वेळ चांगला दिसतो, श्वास कमी झाला असला तरी. आणि भरती होतानाच सांगून टाका: किडनीचा त्रास, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, झोपेच्या गोळ्या, दारू. लाजायचं नाही. किडनी नीट चालत नसेल तर मॉर्फीनचे अवशेष अंगात साठत जातात.

सलाईनमधून पॅरासिटामॉल चालू असेल तर ते चाकही आपण फिरवायचं नाही. आणि त्याच दिवशी डोकं दुखतंय म्हणून बॅगेतली तापाची गोळी द्यायची नाही, कारण द्रव्य तेच. धडधाकट मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि वजन कमी किंवा लिव्हर कमजोर असेल तर त्याहून कमी.

सेर्ट्युर्नरचं पुढे काय झालं? १८१७ चा निबंध फ्रान्समधल्या गे-ल्युसाक ह्या मोठ्या केमिस्टने वाचला, आणि मग सगळ्यांना अचानक तो दिसायला लागला. येना विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. १८२७ मध्ये डार्मश्टाटच्या मर्क ह्यांनी मॉर्फीन विकायला सुरुवात केली. १८३१ मध्ये फ्रान्सकडून त्याला २,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. इंजेक्शनची पोकळ सुई मात्र त्याच्या मृत्यूनंतरची, त्याने ती पाहिलीच नाही. आइनबेकमधून तो हामेल्नला गेला. हो, उंदरांच्या आणि बासरीवाल्याच्या गोष्टीतलं हामेल्न हेच. तिथे त्याने औषधांचं दुकान चालवलं, बंदुकांवर प्रयोग केले, आणि कॉलऱ्यामागे स्वतःची संख्या वाढवणारं काहीतरी जिवंत विष आहे असं लिहिलं. जंतूंचा सिद्धांत यायला तेव्हा अजून काही दशकं होती, त्यामुळे हेही कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटची वर्षं दुखण्यात गेली. सांधे धरले होते, आणि दुखण्यावर तो आपलंच मॉर्फीन घ्यायचा असं सांगतात. २० फेब्रुवारी १८४१ ला हामेल्नमध्ये तो वारला. पुरलं मात्र त्याला आइनबेकला नेऊन.

बाबांचा पंप तिसऱ्या दिवशी काढला. काढण्याआधी डॉक्टर स्क्रीनवरची यादी बघत होते. बटण किती वेळा दाबलं, डोस किती वेळा गेला, सगळं वेळेसकट साठवलेलं असतं, आणि पुढच्या गोळ्या किती लागतील हे त्यावरून ठरवतात. त्यात रात्री अडीचनंतरच्या दोन नोंदी होत्या. मशीनच्या मते त्या बाबांच्या. मी डॉक्टरांना सांगितलं की त्या माझ्या आहेत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, हातातल्या कागदावर त्या दोन वेळांपुढे फुली मारली, आणि बाबांकडे वळून विचारलं, रात्री दुखत होतं का. बाबा म्हणाले, आठवत नाही, झोपलो होतो.