राजाच्या दरबारातला हवालदार

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातल्या एकाने दादा कोंडके यांची नक्कल केली. ढगळ अर्धी चड्डी, खाली लोंबणारी नाडी, भाबडा चेहरा आणि दोन अर्थांची चार-सहा वाक्ये. मंडप हसून हसून लोळला. पुढच्या रांगेतले काही प्राध्यापक हसले, काहींनी घड्याळाकडे पाहिले आणि आम्हा मुलींनी हसावे की नाही या संकोचात माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या पायऱ्यांवर वाद पेटला. एक पक्ष म्हणे दादा म्हणजे निव्वळ चावटपणा. दुसरा म्हणे दादा म्हणजे अस्सल मराठी माती. मी त्या वादात तोंड उघडले नाही. कारण साधे होते. मला दादांची फक्त नाडीच ठाऊक होती. त्यानंतर दोन-तीन महिने मी जे वाचले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले, त्यातून हा लेख झाला आहे.

दादांचे खरे नाव कृष्णा. जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईतल्या नायगावचा. मूळ गाव पुणे जिल्ह्यात भोरकडे. नायगाव म्हणजे गिरणगावाचा भाग; भोंग्यावर उठायचे, पाळीवर जायचे आणि सणावाराला चाळीच्या पटांगणात मेळे, भजने, नकला करायच्या, असे तिथले जीवन. दादा बँडपथकात वाजवत, ‘अपना बाजार’मध्ये नोकरी करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत वावरत. सेवा दलाच्या कलापथकाने त्या काळी तमाशाचा बाज घेऊन लोकशिक्षण करण्याचा घाट घातला होता. निळू फुले, राम नगरकर ही मंडळी त्याच मुशीतली. ‘खणखणपूरचा राजा’ या लोकनाट्यातून दादांचे नाव ऐकू येऊ लागले. पण त्यांचे नशीब उघडले ते १९६५ साली. वसंत सबनीस यांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला होता, त्याचेच ‘विच्छा माझी पुरी करा’ झाले आणि दादा त्यातले हवालदार झाले.

गोष्ट अगदी लहान आहे. एका राज्यात कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला वाटते, इतकी वर्षे चाकरी केली, आता बढती आपलीच. जागा जाते वशिल्याच्या माणसाला. मग हवालदार मैना नावाच्या नाचणारणीला हाताशी धरून नव्या कोतवालाची फजिती करतो. राजाचा छपरी पलंगच तिला हवा असतो! नोकरीसाठी खेटे घालणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

परंतु या प्रयोगाला गर्दी होई ती गोष्टीसाठी नव्हे. गोष्ट ही नुसती खुंटी. तिच्यावर हवालदार रोज नवे कपडे टांगत असे. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जे आले असेल, मंत्र्याने जे आश्वासन दिले असेल, ते रात्री राजाच्या दरबारात हजर. राजा आहे, प्रधान आहे, सगळे कसे जुन्या काळचे. त्यामुळे कोणा पुढाऱ्याला उठून तक्रार करण्याची सोय नाही, आणि समोरच्या प्रेक्षकाला तर नाव घेण्याचीही गरज नाही. शिवाय आपल्याकडे नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. जे वाक्य रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचते, ते मंजुरीला पाठवणार कसे? दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले असे सांगतात. माझी समजूत अशी की तेवढीच ‘विच्छा’ची रूपे झाली असतील.

हल्ली रात्रीची जेवणे झाल्यावर टीव्हीवर विनोदी गप्पांचे कार्यक्रम असतात. पाहुणे येतात, पुढाऱ्यांच्या नकला होतात. अमेरिकेत जॉनी कार्सन यांनी १९६२ पासून १९९२ पर्यंत, तीस वर्षे, रात्री उशिरा हेच केले : आरंभी दिवसभराच्या बातम्यांवर टोले, मग पाहुण्यांशी गप्पा. आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या सात वर्षे आधी दादांचा हवालदार ढोलकीवाल्याशी हुज्जत घालत, प्रेक्षकांना मध्येच प्रश्न विचारत हाच उद्योग करीत होता. फरक इतकाच की अमेरिकेत ते एका नव्या यंत्रासाठी उभे करावे लागले. दादांना ते आयते मिळाले होते.

कोणाकडून मिळाले, हे मात्र सांगितलेच पाहिजे. आमच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि तमाशाचे फड. आमचे काका तरुणपणी तिथे रात्र रात्र काढत. ते सांगतात की फडातला सोंगाड्या दुपारीच चहाच्या टपरीवर बसून गावची हालहवाल विचारून घेई : सरपंच कोण, विहीर कोणाच्या शेतात खोदली, रस्त्याचे पैसे कुठे गेले. रात्री गण झाला, गवळण झाली, बतावणी सुरू झाली की ते सगळे बाहेर. ज्याच्यावर टोला बसला तो पुढच्या रांगेत असेल तर त्यालाही हसावे लागे! हा सोंगाड्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा. ज्या दलित आणि भटक्या जातींनी तो जिवंत ठेवला, त्यांच्या फडाकडे सभ्य घरातली माणसे चोरून जात. तीच कला लोकनाट्य या नावाने शहरातल्या नाट्यगृहात आली तेव्हा तिकीट काढून, सहकुटुंब पाहिली गेली. यात दादांचा दोष नाही. त्यांचे सोंग अस्सल होते. पण टाळ्यांची वाटणी बरोबर झाली नाही असे मला वाटते.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे. आशा भोसले यांनी प्रयोग पाहून भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, ‘तांबडी माती’ (१९६९) मध्ये काम मिळाले, आणि १९७१ साली दादांनी स्वतः ‘सोंगाड्या’ काढला. दादरच्या चित्रपटगृहात तो लावण्यावरून अडचण आली तेव्हा बाळासाहेब ठाकरे मदतीला धावले. मग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’. लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि नाव गिनेस बुकात गेले. माझी आजी लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातली; जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून तिने ‘सोंगाड्या’ पाहिला होता. त्या गोष्टीला पन्नास वर्षे होत आली तरी नाम्याचे नाव काढले की ती पदर तोंडाला लावते.

आता त्या वादाकडे येते. द्व्यर्थी बोलणे दादांनी सिनेमात शोधून काढले, असा आमच्या मित्रांचा समज. परंतु वगातही प्रत्येक वाक्य द्व्यर्थीच होते. राजा म्हणजे मुख्यमंत्री, कोतवाल म्हणजे वशिल्याचा अधिकारी, दरबार म्हणजे सचिवालय. श्लेष तोच, फक्त दुसरा अर्थ सत्तेकडे जाणारा होता. सिनेमात आजची बातमी चालत नाही. चित्रपट वर्षभर टिकायचा असतो आणि प्रत्येक रीळ सेन्सॉर बोर्डासमोर आधी जाते. तेव्हा दुसरा अर्थ शरीराकडे वळला. सेन्सॉरने हरकत घेतली की पहिला, निरागस अर्थ पुढे करायचा, ही वगातलीच युक्ती. ‘पांडू हवालदार’ १९७५ चा, म्हणजे आणीबाणीच्या वर्षाचा. वगातला तो खवचट हवालदार इथे भोळा पोलीस शिपाई झाला. पोलिसाला पांडू म्हणण्याची रीत महाराष्ट्रभर पडली खरी. पण दरबार मागे राहिला. नंतरच्या ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) पर्यंत तर नावातच सगळे उरकू लागले. हे मला आवडत नाही आणि दादांवर लिहिते आहे म्हणून ते लपवणार नाही.

राजकारण त्यांनी सोडले नाही. शिवसेनेच्या सभांतून ते बोलत, आणि लोक ऐकायला लोटत. मात्र वगातला हवालदार कोणत्याच पक्षाचा नव्हता. जो सिंहासनावर असेल तो त्याचा राजा. सभेतल्या दादांचा राजा ठरलेला होता. १९९५ साली त्यांच्याच बाजूचे सरकार आले, तेव्हा त्या दरबारात जुना हवालदार असता तर काय बोलला असता, याची मला फार उत्सुकता वाटते.

१४ मार्च १९९८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईत दादा गेले.

‘विच्छा’ची छापील प्रत मी मिळवून वाचली. एका बैठकीत संपली. प्रयोग तर रात्र चढेपर्यंत चालत असे. हवालदाराच्या दोन वाक्यांमध्ये पुस्तकात बोटभर कोरी जागा आहे. मी काकांना ती वाक्ये मोठ्याने वाचून दाखवली. ते ऐकत राहिले आणि दर वेळी त्या कोऱ्या जागेवर हसले.