वजिराचे प्यादे आणि सुलतान खान

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या यशाने विदर्भातील यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या गावांत पटापुढे बसणाऱ्या मुलांच्या आकांक्षांना धुमारे फुटावेत, हे स्वाभाविकच होय. अशा प्रत्येक मुलापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. वजिरापुढील प्यादे सारून डाव सुरू करावयाचा, तर पुढच्या किती फांद्या पाठ करावयाच्या? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांच्या ढिगाऱ्यात शोधण्यापूर्वी मीर सुलतान खान यांचे चरित्र आठवणे उपयुक्त ठरेल.

पंजाबातील मिठा तिवाना या गावी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा जन्म झाला. ते बुद्धिबळ वडिलांकडून शिकले आणि तेही देशी नियमांचे. त्या नियमांत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. साहजिकच मोहऱ्यांची गाठ उशिरा पडे, डाव बंदिस्त राही आणि घाईपेक्षा संयमाला मोल येई. याच सवयीचा ठसा एकोणिसाव्या शतकात बंगालच्या महेशचंद्र बॅनर्जी यांच्या खेळावर होता. जॉन कॉक्रेन यांच्याशी झालेल्या त्यांच्या डावांवरूनच वजिराच्या प्याद्याला उत्तर देणाऱ्या एका मोठ्या बचाव-कुळास भारतीय हे नाव मिळाले.

सर उमर हयात खान या जमीनदारांनी सुलतान खान यांना पदरी ठेवून पाश्चात्त्य नियम शिकविले. १९२८ च्या अखिल भारतीय स्पर्धेत आठ डाव जिंकून व एक बरोबरीत सोडवून ते अजिंक्य ठरले. पुढच्या वर्षी लंडनमधील सरावस्पर्धेत मात्र सुरुवातीच्या चालींच्या अज्ञानामुळे त्यांना तळाशी राहावे लागले. विंटर व येट्स या खेळाडूंनी त्यांच्याकडून तयारी करून घेतली आणि त्याच उन्हाळ्यात ते ब्रिटिश विजेते झाले. १९३२ व १९३३ मध्येही तो मान त्यांनाच मिळाला.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कॅपाब्लांका यांना ६५ चालींत नमविले. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना वजिरापुढील आणि त्याशेजारच्या उंटापुढील प्यादी त्यांनी दोन-दोन घरे सारली, आणि पाचव्या चालीला वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे अवघे एक घर पुढे केले. वरवर संथ भासणाऱ्या या चालीने काळ्या उंटाची पांढऱ्या घोड्याला जखडण्याची वाट बंद झाली. पुढे हीच पद्धत जगज्जेते पेट्रोशियन यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. एकेक घराने पुढे जाणाऱ्या खेळात वाढलेल्या माणसाला तिचे मर्म सहज उमगले असल्यास नवल नाही.

तात्पर्य हे की, आपल्या प्रकृतीला मानवणारी प्याद्यांची रचना आधी ओळखावी आणि चालींचे पाठांतर तिच्या आधाराने करावे. सुलतान खान यांची समज पटावर घडली होती. ग्रंथांचे ज्ञान थोड्या आठवड्यांत तिच्या मदतीला आले. याचा क्रम उलटा केला, तर ओळखीची चाल संपताच विद्यार्थी गोंधळून जातो.

या चरित्राला दुसरीही बाजू आहे. आश्रयदाते मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खान यांची युरोपातील जेमतेम पाच वर्षांची कारकीर्द संपली. १९३५ मध्ये त्यांनी महाराष्ट्राच्या व्ही. के. खाडिलकरांना दहा डावांच्या सामन्यात केवळ एक बरोबरी देऊन पराभूत केले. त्यानंतर मोठ्या पटावर त्यांचे नाव दिसेनासे झाले. १९६६ मध्ये ते निवर्तले आणि सन्मान्य ग्रँडमास्टर हा किताब त्यांच्या वाट्याला आला तो २०२४ मध्ये, मरणोत्तर. गुणी माणसाचा खेळ एखाद्या धनिकाच्या मर्जीवर अवलंबून राहिला म्हणजे काय होते, हे यातून दिसते. तालुक्याच्या गावातील मुलांना ग्रंथ आणि मार्गदर्शक तर मिळालेच पाहिजेत. पण स्पर्धांना जाण्याची सोयही कोणाच्या कृपेवाचून व्हावयास हवी.