मेडीयाचे डोळे

मुलांना शोकांतिकेवरून सिनेमाचं पोस्टर काढायला देताय? मग आधी त्यांना अल्फोन्स मुखा सांगा. जन्म १८६०, मोराविया. पॅरिसमध्ये मासिकांसाठी चित्रं काढून कसंबसं पोट भरत होते. १८९५ मध्ये नटी सारा बर्नहार्टच्या ‘जिस्मोंडा’ नाटकाचं पोस्टर लागलं आणि नाव झालं.

१८९८ ला तिच्याच ‘मेडीया’चं काम आलं. नवऱ्याने दगा दिला म्हणून पोटची पोरं मारणारी आई! मुखांनी वार दाखवलाच नाही. रक्ताळलेला खंजीर, पायाशी निपचित मुलं आणि ते विस्फारलेले डोळे. बघा, नजर तिथेच अडकते. हातावरचं सापाचं कडं मुखांच्या कल्पनेतलं. साराने ते पुढे खरंच घडवून घेतलं.

१९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये शिरले. गेस्टापोने म्हाताऱ्या मुखांना चौकशीला नेलं. त्याच वर्षी ते गेले.