सुभेदार रामजींच्या घरची रात्र

रात्रीचे आठ वाजले की सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरातील सर्व मुलांनी हातातले टाकून एकत्र येऊन बसावे, असा शिरस्ता होता. घरधनी पलटणीतून निवृत्त झालेले. त्यामुळे या हजेरीतून कोणालाही सूट मिळत नसे. प्रथम कबीरांची पदे आणि तुकोबांचे अभंग होत. मुलींचे आवाज गोड होते. त्या गाऊ लागल्या की साऱ्या घरावर जी गंभीर शांतता पसरे, ती धाकट्या मुलाच्या मनात उतारवयापर्यंत राहिली. भजनानंतर पोथी उघडली जाई. वाचायचे असे ते मुलांनी. घरातील बहीण आणि कथा ऐकण्यासाठी जमलेली वस्तीतील मंडळी समोर बसत, आणि मुले रामायण-महाभारतातील प्रसंग मोठ्याने वाचून दाखवीत. हा क्रम एकदोन महिने नव्हे, कितीतरी वर्षे चालला.

हा धाकटा मुलगा म्हणजे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जयंतीच्या भाषणांत रामजींचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतो: वडील सुभेदार होते, धार्मिक होते, शिस्तीचे होते. पुढे लगेच एल्फिन्स्टन, कोलंबिया आणि लंडन सुरू होते. इतिहास शिकविणाऱ्याला ही घाई रुचत नाही. ज्या मनुष्याने महाराष्ट्रातील पहिल्या प्रतीच्या बुद्धिमंताला रोज रात्री कथा वाचायला बसविले, आणि त्याच मुलाने त्या कथांविरुद्ध तोंड उघडले तेव्हा त्याला गप्प केले नाही, त्या मनुष्याचे चरित्र स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबवडे. वडील मालोजी हेही लष्करात होते. गावात अस्पृश्याला अक्षर दिसणे दुरापास्त होते. पलटणीत मात्र शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा चालत. सैन्याच्या या शाळांनी महार कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या साक्षर केल्या, आणि घरातील स्त्रियांनाही वाचता येऊ लागले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती शालेय पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. रामजींनी पुण्याला शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. म्हणजे सुभेदार हा त्यांचा हुद्दा होता. पेशाने ते मास्तर होते. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

त्यांच्या पत्नी भीमाबाई या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या लष्करी घराण्यातल्या. त्यांना चौदा अपत्ये झाली. त्यांतली मोजकीच जगली. चौदावे अपत्य १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत जन्मले. रामजी कबीरपंथी होते, मद्यमांसापासून दूर होते. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांना आदर होता व त्यांच्याशी स्नेहही होता. १८९० नंतरच्या वर्षांत इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा त्या निर्णयाविरुद्धचा अर्ज तयार करण्यासाठी रामजी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले होते. देवभोळा पेन्शनर हे त्यांचे चित्र म्हणूनच अपुरे आहे.

निवृत्तीनंतर कुटुंब प्रथम दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी घर सावरले. पाठीला बाक असलेल्या या आत्याने आईविना पोरांना मायेने वाढविले. आई गेलेल्या घरात संध्याकाळनंतरची वेळ सर्वांत कठीण असते. रामजींनी ती वेळ गाण्याने आणि वाचनाने भरून काढली, असे मला वाटते. कोणा चरित्रकाराने हे लिहिलेले नाही. हा माझा तर्क आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून तो तुकडा रोज घरी न्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे. तहान लागली तरी शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज पिता येत नसे. आता तोच दिवस मावळल्यानंतरचे घर डोळ्यांसमोर आणावे. तोच मुलगा भरल्या घरात मधोमध बसला आहे, त्याच्या हाती पोथी आहे, वयाने मोठी माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत आहेत आणि तो वाचतो आहे. दिवसा ज्याला कोपऱ्यात बसविले जाई, त्याला रात्री बापाने वाचकाच्या जागी बसविले होते.

यापैकी एक रात्र मात्र कथेविना गेली. रामजी त्या काळात सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे, दुष्काळी कामावरील तलावाच्या खोदाईत खजिनदाराची नोकरी करीत होते. १९०१ च्या सुमारास सुट्टीत भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि घरातील इतर मुले वडिलांना भेटण्यास निघाली. नवे कपडे, पहिलाच आगगाडीचा प्रवास. पत्र आधी पाठविलेले होते. परंतु ते नोकराच्या विसराळूपणामुळे रामजींच्या हाती पडले नाही. मसूर स्थानकावर कोणी न्यायला आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक बैलगाडी मिळाली, तीही गाडीवान पायी चालणार आणि मुलांनी गाडी हाकायची, या अटीवर. सोबत डब्यात अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. म्हणून ते अन्न घशाखाली उतरले नाही. जकात नाक्यापाशी मुलांनी भुकेल्या पोटी ती रात्र काढली. या प्रवासाने आपल्या मनावर कायमचा ओरखडा उमटल्याचे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. सुभेदारांच्या घराची उब किती होती, हे त्या घराबाहेरच्या एका रात्रीवरून कळते.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. त्यात चूल, सरपण, भांडीकुंडी, जाते आणि एका कोपऱ्यात शेळी. रामजींनी तोडगा काढला. भीमरावांनी लवकर निजावे. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवीत आणि त्याच जागेवर स्वतः आडवे होत. उरलेली रात्र भीमराव काच नसलेल्या चिमणीच्या उजेडात अभ्यास करीत. साताऱ्यातली कथा वाचण्याची रात्र मुंबईत अशी अभ्यासाची रात्र झाली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडिलांनी मुलाकडून घोटून घेतली. मुलाला पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला की रामजी विवाहित मुलींकडे जात, उसने मागत. एखादीकडे रोख नसली तर तिच्या लग्नातला दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन हाती आली की तो सोडवून देत. त्या मुलींची नावे मंजुळा आणि तुळसा. बाबासाहेबांच्या ग्रंथालयाची पहिली पायरी या दोघींच्या अंगावरील सोन्याची होती.

याच काळातली एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. एल्फिन्स्टन शाळेत भीमराव व त्यांचे बंधू यांना संस्कृत शिकू दिले नाही; त्यांना फार्सी घ्यावी लागली. ज्या महाभारतातील कथा घरी रात्री वाचून घेतली जात होती, त्या महाभारताची भाषा दिवसा शाळेत त्यांना वर्ज्य होती. असे दोन टोकांवर वाढणारे मूल प्रश्न विचारणार नाही तर काय करील?

आणि त्याने तो विचारला. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो प्रसंग आहे. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता पानोपानी येते, ते आपण आम्हांला का वाचायला लावता, असे त्यांनी वडिलांना विचारले. प्रश्न करण्याचा आगाऊपणा रामजींना आवडला नाही. परंतु त्यांनी नंतर कारण सांगितले. आपण अस्पृश्य असल्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याची भीती आहे. द्रोण आणि कर्ण हे लहान स्थितीतून किती उंच गेले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता कसा झाला, हे कळले म्हणजे तो न्यूनगंड जाईल, असा त्यांचा हेतू होता. बापाने कथा सांगण्यामागे एवढा विचार केला होता. आजच्या शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हा विचार शोभेल.

मुलाला ते पटले नाही. भीष्म, द्रोण आणि कृष्ण यांच्यापैकी कोणीच आपल्याला आवडत नाही. रामाचे शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी वागणे आपल्याला पसंत नाही, असे त्यांनी सांगितले. रामजी यावर काही बोलले नाहीत. घरात बंड उभे राहिले आहे हे त्यांना कळले होते.

आपल्याकडील व्याख्याते येथे रामजींचा पराभव झाला असे रंगवितात. मला ते मान्य नाही. त्या काळी वडिलांपुढे मान वर करणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा बसे आणि पोथी पुन्हा उघडली जाई. लष्करी शिस्तीच्या बापाला तर ते सहज शक्य होते. रामजी गप्प राहिले, आणि त्या मौनात मुलाला स्वतःचा मार्ग शोधण्यास जागा मिळाली. शिवाय, आक्षेप घेण्यासाठी ते ग्रंथ आधी माहीत असावे लागतात. वाली, शूर्पणखा आणि सीता यांच्याविषयीचे हेच आक्षेप सुमारे अर्धशतकानंतर राम व कृष्ण यांच्याविषयीच्या त्या प्रकरणात सविस्तर आले, ज्याच्या प्रकाशनावरून १९८७ नंतर महाराष्ट्रात वादळ उठले. त्या प्रकरणाचा कच्चा खर्डा वडिलांच्या समोर तोंडी झालेला होता.

बुद्धाशी भेट झाली तीही याच सुमारास. मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला म्हणून वस्तीतील लोकांनी सत्कार ठरविला. चरित्रकार ही परीक्षा १९०७ ची मॅट्रिक धरतात. बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजी चौथी इयत्ता लिहिली आहे. रामजींनी आधी नकार दिला. एवढ्यातेवढ्या यशाने पोराच्या डोक्यात वारे शिरेल, असे त्यांचे म्हणणे. अखेर कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांचे मन वळविले. सभेच्या शेवटी केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवले. वडिलांनी आपल्याला बौद्ध वाङ्मयाची ओळख आजवर का करून दिली नाही, असा प्रश्न भीमरावांना पडला. ते पुस्तक वाचून भीमराव भारावले. रामायण, महाभारत आणि कबीर यांच्यासमोर ठेवून पाहता येईल असे त्यांच्या मनात बरेच काही होते. आपण रिकाम्या मनाने बुद्धाकडे गेलो नाही, ही गोष्ट त्यांनी आवर्जून नोंदविली. बुद्ध, कबीर आणि फुले असे तीन गुरू त्यांनी १९५४ साली जाहीरपणे सांगितले. त्यांपैकी कबीर तर थेट घरातल्या रात्रीच्या भजनातून आले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. बडोद्याच्या नोकरीवर रुजू होऊन भीमरावांना थोडेच दिवस झाले होते. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. पोहोचले तेव्हा वडिलांचा जीव जणू त्यांच्यासाठीच थांबला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरला आणि थोड्या वेळात प्राण गेला. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. १९२३ साली निघालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल कृतज्ञता नोंदविली.

वर उल्लेखिलेली प्रस्तावना १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात छापली गेली नाही. ती पुढे वेगळी प्रकाशात आली. त्यामुळे ग्रंथ घरोघरी पोहोचला तरी रामजींची ती रात्र बहुतेकांना ठाऊक नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा आपल्या ब्रह्मपुरी परिसरातील गावांतूनही माणसे गेली. परतल्यावर देव्हारे उतरले, आणि त्याबरोबर आजीच्या तोंडच्या अनेक कथाही उतरल्या. त्यांच्या जागी काय सांगावे हे कित्येक घरांना बराच काळ सुचले नाही. आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो आणि विहारात बाबासाहेबांच्या त्या ग्रंथाचे वाचन लागते. नेमका तो धानाच्या रोवणीचा हंगाम असतो. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकलेल्या बाया हातपाय धुऊन रात्री विहारात येतात, कडेवरचे मूल मांडीवर घेतात. वाचणारा बहुधा दहावी-बारावीचा, पुष्कळदा आपल्याच वसतिगृहातून सुट्टीत घरी गेलेला विद्यार्थी असतो. अडखळला की मागून कोणीतरी शब्द पुरवितो. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा भाग आला की मांडीवरची पोरे निजलेली असतात, आणि एखादे अजून जागे असलेले मूल आईच्या पदराला ओढून हळूच काहीतरी विचारत असते.