सात वर्षं, एक होडी आणि वाळलेली पानं

'काळं पाणी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर अंदमान येतं ना? पण ब्रिटिशांनी ही शिक्षा आपल्या लोकांच्या कितीतरी आधी स्वतःच्याच पोरापोरींना दिली होती. मेरी ब्रॉड त्यातली एक. लग्नानंतरची मेरी ब्रायंट.

१७६५ साली कॉर्नवॉलमधल्या फॉई या बंदरगावात, दर्यावर्दी घरात तिचा जन्म झाला. ती निर्दोष वगैरे नव्हती, हे आधीच सांगून टाकते. प्लिमथमध्ये तिने आणखी दोघींबरोबर एका बाईला अडवून लुटलं. एक रेशमी टोपी आणि थोडं सामान. मार्च १७८६ मध्ये एक्झेटरच्या कोर्टाने त्यासाठी थेट फाशी सुनावली! मग दया दाखवून सात वर्षं काळं पाणी. तेव्हा ती जेमतेम वीस-एकवीसची, म्हणजे तुमच्याच वयाची.

अमेरिका हातातून गेल्यामुळे कैदी पाठवायला इंग्लंडकडे जागा उरली नव्हती. म्हणून १७८७ मध्ये ११ जहाजं ऑस्ट्रेलियाला निघाली. मेरी 'शार्लट' जहाजावर होती. वाटेतच तिला मुलगी झाली, तिचं नावही शार्लटच ठेवलं. सिडनीला पोचल्यावर तिने विल्यम ब्रायंट या कॉर्नवॉलच्याच कोळ्याशी लग्न केलं. वसाहतीत उपासमार होती आणि मासे पकडणं नीट जमायचं ते विल्यमला. त्याने चोरून मासे विकले म्हणून १०० फटके मारले, आणि पुन्हा त्यालाच मासेमारीला लावलं. दुसरा होता कोण?

आता खरी गंमत ऐका, गंमत कसली, संतापच येतो. मार्च १७९१ मध्ये विल्यमची सात वर्षं भरत होती. पण कुणाची शिक्षा कधी संपते याचे कागदच जहाजांबरोबर पाठवले नव्हते! आणि समजा सुटका झालीच, तरी परत जायचं कशाने? बायकांना तर घरी जायचा रस्ताच नव्हता.

मग त्यांनी प्लॅन केला. बंदरात आलेल्या एका डच जहाजाच्या कप्तानाकडून होकायंत्र, नकाशा, बंदुका मिळवल्या. २८ मार्च १७९१ च्या रात्री गव्हर्नरचीच सहा वल्ह्यांची होडी पळवली. त्या वेळी पाठलाग करू शकेल असं एकही जहाज बंदरात नव्हतं. होडीत नऊ मोठी माणसं, साडेतीन वर्षांची शार्लट आणि वर्षभराचा इमॅन्युएल. उघडी होडी, वादळं, आत सतत शिरणारं पाणी. जवळपास पाच हजार किलोमीटर कापून जूनमध्ये ते तिमोर बेटावरच्या कुपांगला पोचले. अकराच्या अकरा जिवंत!

जहाज फुटून वाचलोय, अशी थाप त्यांनी तिथल्या डच अधिकाऱ्यांना मारली. ती काही काळ चालली, मग बिंग फुटलं. नेमका तेव्हाच कॅप्टन एडवर्ड्स हा ब्रिटिश अधिकारी, स्वतःचं जहाज खरंच फुटल्यामुळे, तिथे येऊन पोचला. त्याने सगळ्यांना बेड्या घातल्या. डिसेंबरमध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आधी इमॅन्युएल गेला, तीन आठवड्यांनी विल्यम. मे १७९२ मध्ये इंग्लंडला परतताना जहाजावरच शार्लट गेली. पाच वर्षांचीही झाली नव्हती. पाच हजार किलोमीटर समुद्राने जी पोरं राखली, ती पकडल्यावर एका वर्षाच्या आत गेली. सिनेमा-सिरियलवाले या कथेत धाडस आणि रोमान्स शोधतात. मला मात्र हाच भाग सोडवत नाही.

लंडनमध्ये मेरीला न्यूगेट तुरुंगात टाकलं. तिथे तिच्यासाठी धावला जेम्स बॉस्वेल, सॅम्युअल जॉन्सनचं चरित्र लिहिणारा तोच तो. (इंग्लिश लिटरेचरवाल्यांनो, ओळखलंत?) त्याने मंत्र्यांच्या मागे तगादा लावला आणि मे १७९३ मध्ये तिला माफी मिळाली. हिशेब करा: तिची मूळ सात वर्षं त्याच मार्चमध्ये संपली होती.

बॉस्वेलने तिला वर्षाला दहा पौंड लावून दिले. ती फॉईला, घरच्यांकडे गेली. १७९५ मध्ये बॉस्वेल वारला आणि त्यानंतर मेरीचं काय झालं, याची कुठेच नोंद नाही. त्याच्या कागदांमध्ये मात्र एक पुडी सापडली. तिच्यात सिडनीच्या रानातली पानं होती. कैदी त्यांचा चहा करून प्यायचे. मेरीने ती होडीतून, बेड्यांतून, तीन समुद्रांपलीकडून बरोबर आणली होती आणि त्याला दिली होती. ती पानं अजून जपून ठेवलेली आहेत.